शेवटच्या बाकावर, अनवाणी

ठण्ण… घंटेचा एकच ठोका पडला आणि वर्षालीला वाटलं, झालं, लग्न सुरू झालं.

निऱ्या एका हातात धरून ती चर्चची चढण धावतच चढली. लुर्डीन तिची शिवणक्लासातली मैत्रीण. तिच्या पांढऱ्या गाऊनची लेस वर्षालीने आठ दिवस खपून लावली होती, आणि तो गाऊन घालून लुर्डीन आत शिरेल तेव्हाच नेमकं आपण नसणार, या विचाराने तिचा जीव वरखाली होत होता. जन्म सगळा मालवणात गेला. या चर्चवरून ती रोज बाजारात जायची, पण आत पाऊल म्हणून कधी टाकलं नव्हतं. आमंत्रण देताना लुर्डीनने विचारलंही होतं, "आत कसा वागाचा ता सांगू मां तुका?" त्यावर वर्षालीने ऐटीत उत्तर दिलं होतं, "देवाचाच घर ता. देवळात वागतंय तशी वागान."

बोलली तशी ती वागलीही. पायरीवर चपला काढल्या. शेजारी आणखी एक जोड होता, तपकिरी रंगाच्या, पुरुषी, नव्या कोऱ्या सँडलांचा. बाकी चार-पाचशे माणसांच्या चपला गेल्या कुठे, हा प्रश्न तिला पडायला हवा होता. पण घाईत माणसाला शहाणपण सुचत नाही, ते मागाहून सुचतं.

दाराशी भिंतीत दगडी वाटी होती, वाटीत पाणी. वर्षालीने उजवा तळवा खोलगट करून त्यात थोडं पाणी घेतलं, भक्तिभावाने प्यायली आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. चव खारट होती. मागून एक बाई आली, तिने त्याच पाण्यात बोटाचं टोक तेवढं बुडवलं, कपाळाला, छातीला, खांद्यांना लावलं आणि वर्षालीकडे जरा विचित्र नजरेने बघून पुढे गेली.

लग्न सुरू झालंच नव्हतं. लोक आत्ता कुठे येऊन बसत होते, आणि त्यांचे बूट नि उंच टाचा फरशीवर टकटक वाजत होत्या. प्रत्येकाच्या पायात काही ना काही होतं. जानेवारीतली ती गार फरशी वर्षालीच्या तळव्यांना झोंबली आणि काय झालं ते तिला एकदम कळलं. परत जाऊन चपला घालाव्यात तर सगळ्यांच्या देखत फजिती. ती मुकाट्याने शेवटच्या बाकाकडे वळली. बाकाच्या टोकाला एक तरुण बसला होता, इस्त्रीचा आकाशी शर्ट, तेल लावून बसवलेले केस.

"बसा ना," तो कचेरीतल्या शुद्ध मराठीत म्हणाला. "ही जागा रिकामीच आहे."

ती बसली. पुढच्या बाकाच्या तळाशी एक लांब फळी होती, वर मऊ गादी शिवलेली. पाय गारठू नयेत म्हणून केलेली ही सोय तिला फार आवडली. तिने पावलं त्या गादीवर ठेवली, आणि पाहते तर शेजारी त्याच गादीवर आणखी दोन अनवाणी पावलं, बोटं आत दुमडून लपायच्या प्रयत्नात.

त्याने तिच्या पायांकडे पाहिलं. तिने त्याच्या.

"तुमीसुद्दा?" त्याची शुद्ध मराठी कुठल्या कुठे पळाली.

"ते तपकिरी सँडल तुमचे?"

"माझेच. नवे आसत हो… कोणी नेलो नाय मां एखादो?"

"कोण नेतलो? थंय दुसरो कोण चपलो काढताच खंय?"

हसू दाबायला तिने पदर तोंडाशी नेला. तो मान खाली घालून हसत होता, खांदे हलत होते. मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसलेली, फुलाफुलांचा झगा घातलेली एक म्हातारी पुढे वाकली आणि दोघांच्या मधे बोट घालून म्हणाली, "बाबा, बाये, ती गादी गुडघ्यांक आसा, पायांक नाय."

चार पावलं एकदम खाली आली.

तो गुरुदास. आचऱ्याचा, पण नोकरी ओरोसला, कलेक्टर कचेरीत कारकून. नवरामुलगा इनास त्याच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. निघताना कचेरीतल्या महादू शिपायाने त्याच्या खिशात एक चिठ्ठी कोंबली होती. महादू आजवर अशा सात लग्नांना जाऊन आला होता आणि चर्चमध्ये काय करावं, काय करू नये, हे त्याने हिरव्या शाईत लिहून दिलं होतं. गुरुदासने चिठ्ठी उघडली ती थेट बाकावर बसल्यावर.

"पयलीच ओळ बघा," त्याने कागद तिच्याकडे सरकवला. "'चपला काढू नयेत.' आणि दुसरी, 'घंटेस हात लावू नये.'"

वर्षालीने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "मगाशी ती घंटा…"

"दोरी लोंबत होती वो दारात. देवळात आपण वाजवतोच. माझो हात गेलोच."

"तुमच्या त्या घंटेपायी मी चढाव धावत इलंय."

"बरा झाला," तो म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते कळून कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे… जागा गावली तुमका, म्हणान सांगतंय." मग त्याने हळूच विचारलं, "तुमी काय केलास नाय मां असला?"

वर्षालीने इकडेतिकडे पाहिलं. मग अगदी त्याच्या कानाशी जाऊन कबुली दिली, "दारातला तीर्थ प्यालंय मी."

अख्ख्या चर्चमध्ये त्या वेळी शांतता होती. गुरुदासला ठसका लागला. म्हातारीने मागून पाठीत चापटी मारली, खोकल्यासाठी की हसण्यासाठी, देव जाणे.

मग पेटीचे सूर सुरू झाले, सगळे उभे राहिले, आणि बापाच्या हाताला धरून लुर्डीन आली. लेसवर उन्हाची तिरीप पडली तेव्हा वर्षालीचा ऊर भरून आला. "ती लेस मी लावलंय," ती न राहवून म्हणाली. आणि गुरुदासने नवरीकडे पाहायचं सोडून तिच्या बोटांकडे पाहिलं. त्या बोटांवर सुयांच्या बारीक खुणा होत्या. तिने हात पदराखाली घेतला खरा, पण जरा उशिराच.

पुढे उठबस सुरू झाली. लोक उभे राहत, बसत, गुडघे टेकत, आणि वर्षाली गुरुदासकडे बघून तेच करी. गुरुदास चिठ्ठीकडे बघून करी. चिठ्ठीत मात्र मधल्या तीन ओळींवर चहा सांडलेला होता, त्यामुळे एकदा असं झालं की सगळं चर्च बसलं आणि हे दोघेच उभे राहिले. कोणी हसलं नाही, कोणी डोळे वटारले नाहीत. पुढच्या बाकावरच्या गृहस्थाने मागे वळून हाताने 'बसा' अशी खूण केली, एवढंच. परक्या घरी गेल्यावर घरच्यांनी पाट सरकवून द्यावा, तसं ते वाटलं. या सगळ्यात एकमेकांची नावं, कामाची ठिकाणं विचारून झाली, आणि 'तुमी'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

मग फादरांनी नवरानवरीला जवळ बोलावलं. चर्च चिडीचूप झालं.

"तुम्ही इथे कोणाच्याही सक्तीशिवाय, स्वतःच्या खुशीने आला आहात का?"

लुर्डीनने मान वर केली. "होय, फादर." आवाज शेवटच्या बाकापर्यंत स्वच्छ पोचला.

वर्षालीच्या डोळ्यांना एकाएकी धार लागली. गुरुदास गडबडला. खिशातून रुमाल काढून त्याने बाकावर ठेवला, हातात द्यायचा धीर होईना. "काय झाला गो?"

"विचारल्यानी तिका," ती म्हणाली. "सगळ्या लोकांसमोर. आणि माका…" तिने रुमाल घेतला. "येत्या रविवारी माझी सुपारी फुटतली. देवगडचे लोक. दोन ट्रॉलर आसत त्यांचे. बापाशीन होय म्हटल्यान, काकान होय म्हटल्यान. माका कोणी एका शब्दान विचारूक नाय."

"झिल कसो आसा?"

"माका काय म्हायत? बघूक इलेलो तेवा तो टीव्हीवर क्रिकेट बघी होतो."

गुरुदासला यावर काहीतरी बोलायचं होतं. पण ठरत आलेल्या सोयरिकीत तोंड घालू नये, हे त्याच्या घरचं वळण. तो चिठ्ठीची घडी घालत, उलगडत राहिला.

थोड्या वेळाने लोक एकमेकांकडे वळून हात जोडू लागले. "शांती असो… शांती असो." पुढचे गृहस्थ वळले, म्हातारी वळली. शेवटी राहिले हे दोघे. गुरुदासने हात जोडले. इतका वेळ थट्टा करणारे त्याचे डोळे आता अगदी गंभीर होते.

"तुका शांती गावांदे, वर्षाली," तो म्हणाला. खरंच मागावं तसा म्हणाला तो.

प्रसादाची रांग लागली तशी गुरुदास सवयीने उठला. प्रसाद न घेता देवळातून निघायचं नाही, हे आईने लहानपणापासून घोकून घेतलेलं. वर्षालीने त्याची बाही पकडली. "चिठ्ठी वाच आधी."

चिठ्ठीत होतं: 'तो प्रसाद त्यांच्यातल्या लोकांसाठीच. आपण छातीवर हात बांधून जावे, फादर आशीर्वाद देतात.' दोघे तसेच गेले, हात बांधून, अनवाणी, त्या लांबच लांब वाटेवरून. फादर म्हातारे होते. त्यांनी दोघांकडे पाहिलं, पायांकडेही पाहिलं, किंचित हसले, आणि एक हात हिच्या डोक्यावर, एक त्याच्या डोक्यावर ठेवून पुटपुटले. दोघे परत येऊन बसल्यावर म्हातारी समाधानाने म्हणाली, "बरो जोडो आसा. लगीन होवन किती वर्सां झाली?"

खरं म्हणजे "आमचं लग्न झालेलं नाही" एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगायला दोघांपैकी कुणीही घाई केली नाही, हे तुम्ही लक्षात घ्या.

*

मंगळवारी बाबली मास्तरांच्या शिवणाच्या दुकानात, जिथे वर्षाली कामाला होती, गुरुदास हजर. शर्टाचं बटण तुटलं म्हणून. बुधवारी दुसरं बटण तुटलं. गुरुवारी तिसरं. ओरोसहून मालवण म्हणजे एसटीने जाऊनयेऊन दोन तास, तेही कचेरी सुटल्यावर.

"ओरोसाक सुयेदोरो गावना नाय काय रे?" बाबली मास्तरांनी चष्म्यावरून विचारलं.

"गावता. पण… टाको बरो नसता तिकडचो."

वर्षाली मान खाली घालून बटण लावत होती. दोरा दाताने तोडताना ती हळूच म्हणाली, "ह्या बटान ओढून तोडलेला दिसता. कापड फाटलाहा."

"जोर जास्ती लागलो."

"कचेरीत एवढा जोराचा काय काम असता?"

तो हसला. निघताना दारात थांबला. आता विचारील, आता विचारील, म्हणून तिने सुई हातातच धरून ठेवली. पण तो म्हणाला, "येतंय मगे," आणि गेला. शुक्रवारी तेच. शनिवारी तर तो आला, बटणसुद्धा न तोडता आला, अर्धा तास बाकड्यावर बसून राहिला आणि जाताना "उद्याचा कार्य बरा होवंदे" एवढं म्हणून खाली मान घालून निघून गेला.

वर्षालीला त्याचा इतका राग आला की तिने मशीनचं चाक उलटं फिरवलं. मूग गिळून बसणारा माणूस! रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र राग ओसरला. तिच्या लक्षात आलं की चूक त्याची एकट्याची नाही. कोणी विचारलं नाही, हे खरं. पण न विचारता सांगायला आपलं तोंड कोणी शिवलं होतं?

रविवारी देवगडचे पाहुणे आले. वर्षालीचे वडील शंकर, एका होडीचे मालक, दोन ट्रॉलरवाल्यांच्या समोर अंग चोरून बसले होते. आई जानकी आतून पोह्यांच्या बशा भरून देत होती. नवरामुलगा यतीन आजही टीव्हीकडेच बघत होता, जरी आज टीव्ही बंद होता. पानसुपारीचं तबक मध्ये आलं. काकाने अडकित्ता उचलला.

वर्षाली चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. यतीनसमोर ट्रे धरला आणि त्याने कप उचलायच्या आत म्हणाली, "एक विचारू?"

सगळ्यांच्या माना वळल्या.

"हां लगीन तुमका तुमच्या खुशीन करूचा आसा? कोणी जबरदस्ती करूक नाय मां?"

काकाचा अडकित्ता हवेतच राहिला. यतीन आ वासून तिच्याकडे पाहत राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच तो तिच्याकडे नीट बघत होता.

"माका…" त्याने बापाकडे पाहिलं, मग परत तिच्याकडे. "माका कोणी विचारूकच नाय."

"मी विचारतंय."

"नाय," तो म्हणाला, आणि बोलल्यावर त्याच्या खांद्यांवरचं मणभर ओझं उतरल्यासारखं दिसलं. "माका आताच लगीन नको. माका मुंबयत जावन इंजिनाचा काम शिकाचा आसा."

"आणि माका तुमच्याशी नको," वर्षाली म्हणाली. "राग मानू नकात. चहा घेवा, थंड होतलो."

यतीनने चहा घेतला. बाकी कोणी घेतला नाही. ट्रॉलरवाले तडक उठले, त्यांच्या मागोमाग काका उठला, आणि जाताना चार शब्द सुनावून गेला. अंगणातली गाडी निघून गेली. शंकर ओटीवर जाळं पुढ्यात घेऊन बसले ते दिवेलागणीपर्यंत उठले नाहीत. वर्षाली दाराआड उभी होती.

जानकी चहा घेऊन नवऱ्याशेजारी येऊन बसली. शंकर म्हणाले, "आमच्या वेळाक तुका कोणी विचारलेल्यान?"

"नाय."

"विचारल्यानी असता तर?"

जानकीने जरासुद्धा वेळ घेतला नाही. "नायच सांगितलंय असतंय. तुमच्या आंगाक सुक्या बांगड्याचो वास येय."

शंकरांनी जाळ्यातून मान वर केली. बायकोकडे पाहिलं, आणि पंचवीस वर्षांपूर्वीचा तो वास आत्ता आल्यासारखं नाक मुरडून हसू लागले. जानकी पदरात तोंड घालून हसली. दाराआड वर्षालीला रडू आलं.

"वर्षा," ते आतल्या दिशेने म्हणाले, "लोकांसमोर माझा नाक कापलंस तू. आधी माका सांगलंस असता तर?"

"तुमी आयकलास असतास, बाबा?"

ते गाठ सोडवत राहिले. "नाय बहुतेक," शेवटी म्हणाले. "पुढल्या खेपेक पयला तुका विचारीन."

*

सोमवारी कचेरीतून लवकर निघून संध्याकाळी पाचच्या एसटीने गुरुदास आला. अंगातल्या शर्टाची सगळी बटणं जागच्या जागी होती. तो दुकानाच्या पायरीवरच उभा राहिला.

"अभिनंदन करूक इलंय," तो म्हणाला. कचेरीतल्या आवाजात म्हणाला, पण आवाज मध्येच चिरकला.

"कसला?"

"सुपारीचा."

बाबली मास्तर तोंड उघडणार होते, पण वर्षालीने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी टेपच तोंडात धरली.

"अभिनंदन करूक एक तास एसटीत बसान इलंस?" ती म्हणाली.

"दुसराव एक होता. पण आता बोलान काय उपेग? रविवार गेलो."

"बोल तरी."

"वर्षाली, उशीर झालो. माझीच चूक. पाच दिवस रोज ठरवन येय, आणि हय उंबऱ्यार इलंय की वाचा बसा. ठरलेला मोडू नये, म्हणान गप रवलंय. आणि रात्री निजाक गेलंय की तो तुझो रुमालात तोंड घातलेलो चेरो…" तो थांबला. मग खाली बघत, एका दमात बोलून गेला, "माका तू आवाडतंस. पयल्या दिवसापासना. आता सांगतंय तां चुकीचाच आसा, पण सांगूक नाय तर जन्मभर बटना तोडीत रवान."

"सुपारी फुटूक नाय," वर्षाली म्हणाली.

"काय?"

"मी नाय म्हणान सांगितलंय. तोव नाय म्हणालो."

गुरुदास पायरीवर मटकन बसला. बाबली मास्तरांनी तोंडातली टेप काढली, "चल, आता दुकान बंद करतंय," म्हणाले, आणि चक्क दिवसाउजेडी अर्धी फळी ओढली.

"मगे… मी विचारू?" गुरुदासने मान वर करून विचारलं.

"माका विचारलंस की मी सांगतलंयच. पण माझ्या बापाशीन एक शब्द दिल्यान माका. तो काय करता तां माका आधी बघूचा आसा. चल."

किनाऱ्याच्या वाटेने दोघे चालत गेले, एका हाताचं अंतर ठेवून, आणि ते अंतर वळणावळणावर थोडं थोडं कमी होत गेलं. शंकर होडीला रंग लावत होते. पोरीबरोबर शर्टपँटवाला परका तरुण बघून त्यांचा ब्रश थांबला. गुरुदासने नाव सांगितलं, गाव सांगितलं, कचेरी सांगितली, आणि न थांबता सांगितलं, "मी तुमच्याकडे वर्षालीक मागूक इलंय."

वाडीतली दोन-चार माणसं कान टवकारून जवळ सरकली. शंकरांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. दर्यावर कधी न गेलेला, उन्हात न करपलेला, कचेरीतला कारकून. त्यांच्या मनात काय काय येऊन गेलं ते त्यांच्या तोंडावर सगळं दिसत होतं, आणि त्यातलं निम्मं काही चांगलं नव्हतं.

मग शंकरांनी ब्रश डब्यात ठेवला, त्या तरुणाकडे पाठ फिरवली आणि लेकीकडे वळले.

"वर्षा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुझा म्हणणा काय?"

"माका ह्यो होयो, बाबा," ती म्हणाली.